टाकी भरेपर्यंत

पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या त्या नव्या बिल्डिंगला नळाच्या पाण्याचा भरवसा नव्हता. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला मीरा रोडमध्ये कुणालाच तो नव्हता म्हणा! टँकर आला की वॉचमन नाथा मोटार चालू करायचा, आणि कुणीतरी गच्चीवर जाऊन टाकीवर लक्ष ठेवायचं. पाणी काठाला लागलं की वरून हाक द्यायची, “भरली!” मग नाथा मोटार बंद करणार.

त्या संध्याकाळी पाळी रुचिताची होती. कुरकुरतच ती गच्चीवर आली आणि दारातच थबकली. टाकीच्या आडोशाला एक मुलगा गिटार घेऊन बसला होता. सूर एकेक पायरी चढत होते, उतरत होते... पण टेकत मात्र कुठेच नव्हते. लहानपणापासून गाणं शिकलेल्या रुचिताच्या कानांना ते काही सोसवेना.

“अहो, तुमचा पंचम कुठे गेला?”

तो दचकला. मग डोळ्यांनीच हसला. “कोण? आपल्या बिल्डिंगमध्ये राहतो का?”

“प हो, प! तीव्र म झाला की एकदम कोमल ध? मधला प खाल्लात तुम्ही.”

“खाल्ला नाही. या स्केलमध्ये तो नसतोच. होल टोन म्हणतात हिला. सहाच सूर, आणि सगळ्यांत सारखं अंतर. त्यामुळे कुठलाच सूर ‘सा’ आहे असं वाटत नाही. आता ही कॉर्ड ऐका.” त्याने तीन बोटांनी तीन तारा दाबून छेडल्या. “हीच बोटं चार पडदे वर नेली तरी सूर तेच. नुसती जागांची अदलाबदल.”

कुणीतरी बोलता बोलता मध्येच गप्प व्हावं, तशी ती कॉर्ड हवेत राहिली.

“म्हणजे हे घरी परत येतच नाही?”

“मजा तीच तर आहे!”

“कसली मजा? जीव टांगणीला लागतोय इथे—”

तेवढ्यात रुचिताच्या तळव्यांना गार पाणी लागलं. टाकी भरून वाहत होती! खालून तळमजल्यावरच्या शैलाकाकूंचा आवाज आला, “अगं ए रुचिता! झोपलीस काय वर? पाणी सगळं गटारात चाललंय!” ती धावत खाली गेली आणि अख्ख्या बिल्डिंगची बोलणी खाऊन आली. पण त्या रात्री जेवताना ती मधूनच हसत होती, हे आईच्या नजरेतून सुटलं नाही.

त्यानंतर टँकर आला की रुचिता आपणहून जिना चढू लागली. “टाकीची एवढी काळजी तुला कधीपासून गं?” आईने विचारलंच.

त्याचं नाव जीवन. बी विंगमध्ये राहायचा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा, आणि शनिवारी रात्री काशीमीराच्या एका हॉटेलात. तारा दाबून दाबून त्याच्या बोटांची टोकं कडक झाली होती. ती ‘सा’ लावून धरायची आणि तो तिच्या आवाजाभोवती ते सहा सूर फिरवायचा.

“तू सा धरलास ना, की हे वेडे सूरसुद्धा शहाण्यासारखे वागतात.”

“सूर... की तू?”

यावर तो नुसता गिटारच्या खुंट्या पिळत बसला.

आणि एके दिवशी म्हणाला, “जहाजावरच्या बँडमध्ये नोकरी लागलीय. आठ महिने. रविवारी निघतोय.”

“अभिनंदन,” रुचिता म्हणाली. तिचं प्रेम बसलं होतं त्याच्यावर, आता स्वतःपासून काय लपवायचं? त्याने जाऊ नये असं तिला वाटत नव्हतं. जाण्याआधी त्याने एकदा बोलावं, एवढंच हवं होतं. आणि हा पठ्ठ्या पासपोर्टबद्दल बोलत होता, बॅगेबद्दल बोलत होता, बोट लागण्यावरच्या गोळ्यांबद्दलही बोलत होता!

शनिवारी टँकर आला. गच्चीवर दोघंच. त्याने तीच पहिल्या दिवशीची कॉर्ड छेडली.

“तू वाजवतोस तसाच बोलतोस,” ती म्हणाली. “सगळीकडे फिरतोस... टेकत कुठेच नाहीस.”

“भीती वाटते गं. मी जाणार समुद्रावर. इथे कुणाला अडकवून ठेवायचं का?”

“अडकायचं की नाही, ते मला ठरवू दे ना.”

ती त्याच्याजवळ बसली. तिसऱ्या तारेवरची त्याची तर्जनी तिने अलगद उचलली, आणि सोडली नाही. “आता छेड.”

त्याने छेडली. इतके दिवस लोंबकळत राहिलेली ती कॉर्ड शांतपणे खाली बसली.

“पंचम आला...” तो पुटपुटला.

“एका बोटाचंच काम होतं.”

जीवनची नजर टाकीकडे गेली. “रुचिता, भरली टाकी.”

“दिसतंय मला.”

“मग ओरड ना! शैलाकाकू जीव घेतील.”

“आधी तू बोल.”

काठावरून पहिला ओघळ सुटला. तो भिंतीवरून खाली आला, जीवनच्या चपलेपर्यंत पोचला.

“रुचिता, अगं—”

“पाणी चाललंय, जीवन.”

“माझं प्रेम आहे तुझ्यावर! आठ महिने थांबशील माझ्यासाठी?” एका दमात म्हणून त्याने डोळेच मिटले.

रुचिता उठली, कठड्याशी गेली आणि अख्ख्या पूनम सागरला ऐकू जाईल अशी ओरडली, “भरलीऽऽऽ!”

खाली मोटार बंद झाली. ती परत येऊन त्याच्या शेजारी बसली.

“थांबेन,” ती म्हणाली. “पण आल्यावर टाकीची पाळी तुझी.”