पांढऱ्या पट्टीमागचा नंबर

"मी त्या बाईला उडवलं नाही. शनिवारी माझी गाडी दारातून हललीच नाही," रघुराम म्हणाले, आणि त्यांच्या हातातल्या पेल्यातली कापी, तिकडची कॉफी, खालच्या पसरट डबऱ्यात सांडली.

सोमवारची सकाळ होती. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत वसुमतीबाईंच्या बाहेरच्या खोलीत तिघं बसले होते. वसुमतीबाईंनी बावीस वर्षं एका विमा कंपनीसाठी अपघातांचे दावे तपासले होते. आता त्या खासगी तपासाची कामं घेत. शेजारी त्यांचा आत्येभाऊ श्रीकर होता. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला, आकडेमोडीत विजेसारखा आणि माणसं ओळखण्यात बैलगाडीसारखा.

रघुराम निवृत्त मास्तर. वसुमतीबाई जिला काकी म्हणत ती त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेल्यापासून एकटेच राहत.

"अस्के सांगा, सगळं, पहिल्यापासून," वसुमतीबाई म्हणाल्या.

शनिवारी दुपारी तीनला पापनाशमजवळ एका पांढऱ्या गाडीनं चेल्लम्मा नावाच्या बाईला उडवलं. भातलावणी करून ती रस्ता ओलांडत होती. गाडी थांबली नाही. पुढच्या चौकातल्या कॅमेऱ्यात नंबर आला. शेवटचे आकडे ७४२३. तो रघुरामांचा नंबर. गाडीही त्याच कंपनीची, त्याच रंगाची.

"इन्स्पेक्टरबाई म्हणतात, उद्या चारच्या आत पुरावा आणा, नाहीतर अटक. मी घरी एकटा होतो, साक्ष कोण देणार? काल शेजारच्यांनी मला बघून दार लावून घेतलं, वसुमती. चाळीस वर्षं त्यांची पोरं मी शिकवली!"

"गाडी विकायला काढली होती ना तुम्ही?"

"हो, नेटवर जाहिरात टाकली. पण नंबर झाकूनच. स्टुडिओवाल्या सतीशकुमारनं फोटो काढले, त्यानंच सांगितलं, नंबर उघडा ठेवला तर चोर उचलतात, तसल्याच दुसऱ्या गाडीवर लावतात. म्हणून त्यानं फोटोत नंबरावर पांढरी पट्टी मारली."

"ज्याच्या भीतीनं झाकला, तेच झालं म्हणायचं," श्रीकर पुटपुटला.

"उद्या चार," वसुमतीबाई उठल्या. "बेस. वेळ पुष्कळ आहे."

वेळ मुळीच पुष्कळ नव्हता. पण कुणाचं धैर्य सुटलं की वसुमतीबाई असं बोलत, आणि मग ते खरं करून दाखवायचा हट्ट धरत.

आधी रघुरामांचं घर. गाडी दारात उभी होती, पुढचा बंपर धड, काचा लखलखीत. वसुमतीबाईंनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि घरात जाऊन देवाच्या कपाटासमोर उभ्या राहिल्या. कपाटाच्या काचेवर पिवळ्या रेडियमची नागरी अक्षरं होती, "मल्हार". त्याखाली एक छोटी तलवार. एक कोपरा फाटलेला. आत अंगठ्याएवढा पितळी खंडोबा होता आणि त्याच्या बैठकीला वाळलेला गोंद चिकटला होता.

"काकींचं अक्षर?"

"तिचंच. इथं आता नागरी लिहितं कोण? तिनं काढून दिलं, मी चेन्नईला कापून घेतलं."

"आणि कपाटावर कधी लावलं?"

"मागल्या सोमवारी. का गं?"

"उगेच," वसुमतीबाई म्हणाल्या. उगेच त्या कधी काही विचारत नसत, पण हे श्रीकरला इतक्या वर्षांत कळलेलं नव्हतं.

दुपारपर्यंत त्यांनी पापनाशम गाठलं. इन्स्पेक्टर लक्ष्मीप्रियांनी कॅमेऱ्याचा फोटो दाखवला. रघुरामांनी तो चष्म्याशिवाय पाहिला होता आणि नंबर ऐकूनच ते खचले होते, असंही त्या म्हणाल्या. फोटो गाडीच्या मागून घेतलेला होता. नंबर स्पष्ट. मागच्या काचेवर पिवळी अक्षरं, आणि वायपर खाली, आपल्या जागी.

श्रीकरनं आपल्या फोनवर जाहिरात उघडली. राजवाड्याच्या भिंतीशी उभी असलेली तीच गाडी, तीच पिवळी अक्षरं, नंबरावर पांढरी पट्टी. वायपर मात्र अर्ध्यात थांबलेला, अक्षरांच्या खालच्या कडेवर आडवा.

"अय्यो अक्का, अक्षरंसुद्धा तीच! मास्तर खोटं बोलतात की काय?"

"तू दोन्ही फोटो सारखे आहेत हे बघितलंस," वसुमतीबाई म्हणाल्या. "आता कुठं सारखे नाहीत ते बघ."

श्रीकरनं घाम येईपर्यंत बघितलं. त्याला काही दिसलं नाही.

गाडी जवळून पाहिलेली माणसं तीन. पहिला मेकॅनिक सांबशिव, तिरुवैयारुच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज.

"मंगळवारी आली होती गाडी," तो म्हणाला. "ऑइल बदललं, मागचा वायपर अडकत होता तो नीट केला. मागच्या काचेवर गोंदाचे डाग होते, पेट्रोलनं पुसले. मास्तरांनी आयुष्यात कुणाला हॉर्नसुद्धा जोरात दिला नाही हो!"

दुसरा रमण, कुंभकोणमचं गिऱ्हाईक. श्रीकरचा सगळा संशय याच्यावर होता, कारण यानं बुधवारी येऊन गाडी पाहिली, कागदांचे फोटो घेतले आणि पुन्हा फोन केला नाही.

"कागद बघितल्याशिवाय गाडी घेतात का?" रमण भडकला. "बायकोला डिकी लहान वाटली म्हणून नाही घेतली, तेवढंच. मागून आरपार सगळं दिसत होतं, त्याचे फोटो तिला पाठवले. बघा हवं तर."

वसुमतीबाईंनी फोटो पाहिले, तारीख पाहिली, आणि पहिल्यांदाच हसल्या. "हे पुसू नका. उद्या चारला पापनाशमला या. एका म्हाताऱ्या माणसाची अब्रू तुमच्या फोनमध्ये आहे."

रमणचा राग उतरला. "येतो अम्मा," तो म्हणाला.

तिसरा सतीशकुमार. राजवाड्याजवळ त्याचा स्टुडिओ होता. फोटो, रेडियमची स्टिकरं, नंबरपाट्या, सगळं एकाच टेबलावर. रंगीत रेडियमच्या गुंडाळ्या भिंतीला टेकून उभ्या.

"मास्तरांचं फार वाईट झालं," तो हळहळला. "मी स्वतः नंबर झाकला. साइटवर तर पट्टी मारलेलाच फोटो गेला."

"मूळ फोटो?"

"ते माझ्याजवळच. दुसऱ्या कुणाला दिले नाहीत, आईची शपथ."

"त्यानंतर गाडी पुन्हा पाहिलीत?"

"कशाला पाहू? आठ दिवसांपूर्वी, त्या रविवारी फोटो काढले, त्यानंतर आजतागायत ती गाडी माझ्या नजरेला पडली नाही."

"सरी, ठीक आहे," वसुमतीबाई म्हणाल्या. "उद्या ठाण्यात या, मास्तरांच्या बाजूनं दोन शब्द सांगायला."

तो आनंदानं तयार झाला. बाहेर येताच वसुमतीबाईंनी लक्ष्मीप्रियांना फोन लावला आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिल्या.

मंगळवारी पावणेचारला ठाण्यात सगळे जमले. रघुराम धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर अंगवस्त्र टाकून आले होते. अटक झालीच तर नीट कपड्यांत व्हावी, असं त्यांनी श्रीकरला सांगितलं. ते ऐकून श्रीकरला रडू आलं.

"मास्तर," वसुमतीबाईंनी विचारलं, "कपाटावरची अक्षरं आधी कुठं होती?"

"गाडीच्या मागच्या काचेवर. आणि तो खंडोबा गाडीतच, पुढं."

"मग ते काढलंत कशासाठी?"

रघुराम गोंधळले. "गाडी विकायची होती ना? गाडी विकतात, देव विकत नाहीत. आमच्यात कुणीच विकत नाही. गिऱ्हाईक यायच्या आधी, सोमवारीच, नमस्कार करून उतरवला."

लक्ष्मीप्रियांनी कॅमेऱ्याचा फोटो पुन्हा समोर ओढला.

"शनिवारच्या गाडीवर अक्षरं आहेत," वसुमतीबाई म्हणाल्या. "मास्तरांच्या गाडीवर सोमवारपासून नव्हती."

"अपघातानंतर काढली असतील," लक्ष्मीप्रियांनी विचारायला हवं ते विचारलं.

"सांबशिवनं मंगळवारी उरलेला गोंद पुसला. आणि हा रमण यांचा बुधवारचा फोटो, अपघाताच्या तीन दिवस आधीचा. काच कोरी आहे, मागून आरपार दिसतं. म्हणजे शनिवारी धावली ती दुसरी गाडी, मास्तरांच्या गाडीचं सोंग घेतलेली."

"पण सोंग कुणी दिलं?" श्रीकरनं विचारलं.

"ज्यांनी येऊन गाडी पाहिली, त्यांना नंबर माहीत होता, पण अक्षरं गेल्याचंही माहीत होतं. ते अक्षरं कशाला लावतील? ज्यांनी नुसती जाहिरात पाहिली, त्यांना अक्षरं दिसली, नंबर नाही."

"गल्लीतल्या लोकांनी तर वर्षानुवर्षं दोन्ही पाहिलंय, अक्का."

"शाबास! आज पहिल्यांदा नीट प्रश्न विचारलास. आता तलवार शोध."

श्रीकरनं कॅमेऱ्याचा फोटो डोळ्यांजवळ धरला. अक्षरांखाली काहीच नव्हतं. वायपर तर पार खाली होता.

"काकींनी अक्षरांखाली तलवार काढली होती," वसुमतीबाई म्हणाल्या. "रविवारच्या फोटोत अडकलेला वायपर नेमका तिच्यावर आला. गल्लीतल्या कुणी किंवा मल्हार वाचता येणाऱ्यानं नक्कल केली असती, तर तो खंडोबाची तलवार विसरला नसता. यानं अक्षरं चित्रासारखी गिरवली, जेवढी फोटोत दिसली तेवढीच. म्हणजे नक्कल त्या फोटोवरून झाली. आणि त्या फोटोची, अक्षरं आणि नंबर दोन्ही उघडे असलेली, प्रत एकाच माणसाजवळ आहे. शपथ घेऊन सांगितलंय त्यानं."

सगळ्यांच्या माना सतीशकुमारकडे वळल्या.

"कुंपणानंच शेत खाल्लं," वसुमतीबाईंचा आवाज चढला. "नंबर झाकायला तुमच्याकडं दिला, तो तुम्हीच उचललात. चोरीची गाडी होती, तिला स्वच्छ नंबर हवा होता. पाटी तुमच्याच टेबलावर बनली. तेवढ्यावर थांबला असतात तर मी तुम्हाला कदाचित पकडू शकले नसते. पण अति तिथे माती! हुबेहूब दिसावी म्हणून अक्षरंही चिकटवलीत. मधल्या काळात देव उतरलेला असेल, हे तुमच्या डोक्यात येणार कुठून? गाडी पुन्हा पाहिली नाही म्हणालात. तेवढं मात्र खरं बोललात."

"हा सगळा तर्क आहे!" सतीशकुमार उठला. "मी पन्नास गाड्यांचे फोटो काढतो."

"तर्कच होता, सकाळपर्यंत," लक्ष्मीप्रिया म्हणाल्या. "वसुमतीबाईंच्या फोननंतर आम्ही तुमच्या माणसांच्या जागा तपासल्या आणि तुमच्या मेव्हण्याची शेड उघडली. बंपर फुटलेली गाडी ताडपत्रीखाली होती. चालवत कोण होतं, तेही तो बोललाय."

सतीशकुमार बसला, आणि त्यानंतर त्यानं कुणाकडे पाहिलं नाही.

रघुरामांनी पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच. "चेल्लम्मा कशी आहे?"

"पाय मोडलाय. पण शुद्धीवर आहे."

"तिला भेटता येईल? मी नव्हतो, एवढं तिला सांगायचंय."

"या की मास्तर. मीच घेऊन जाते," लक्ष्मीप्रिया म्हणाल्या, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी रघुरामांना मास्तर म्हटलं.

अंगणात ती जप्त केलेली गाडी उभी होती. बंपर चेपलेला, मागच्या काचेवर "मल्हार". रघुराम तिच्यापाशी थबकले. बायकोचं ते अक्षर कुणा परक्यानं न कळता गिरवलेलं होतं, तरी वळण तिचंच होतं.

"हे खरवडून काढू का, बाई?"

"पुरावा आहे, मास्तर. खटला संपेपर्यंत हात लावता येणार नाही."

"मग तोवर झाकू तरी द्या."

लक्ष्मीप्रिया बाजूला सरकल्या. रघुरामांनी खांद्यावरचं अंगवस्त्र काढलं, काचेवर पसरलं, त्याची टोकं डिकीच्या फटीत नीट खोचली आणि हात जोडले. नंबर उघडाच राहिला.