बारावा फोटो

“अहो, जरा थांबता का? तुमच्या पाठीला सात चिमटे आहेत.”

मी वळले. भुरभुर पाऊस, हातात छत्री मिटलेली, आणि डोळ्यांत हसू दाबून उभा असलेला एक किडकिडीत तरुण.

मॉडेल म्हणून ते माझं पहिलंच काम. कपड्यांच्या दुकानाची जाहिरात होती. ड्रेस ढगळ, म्हणून मालकीणबाईंनी तो मागून चिमट्यांनी आवळला होता. कॅमेऱ्याला पुढचंच दिसतं ना! मधल्या सुट्टीत मी तशीच चहाला बाहेर पडले होते.

“मोजलेत कशाला?” मी विचारलं.

“कोपऱ्यापासून तुमच्या मागे चालतोय. दुसरं काम काय होतं?”

काम होतं त्याला. पासपोर्ट फोटोच्या दुकानात. “दिवसभर सांगतो – हनुवटी वर, हसू नका. कोणाला तरी हसा म्हणावं, अशी फार इच्छा आहे हो.”

मला एजन्सीला दाखवायला फोटो हवे होते, त्याला काढायला चेहरा. मग दर रविवारी दुकानाच्या माडीवर आमचं काम सुरू झालं. माझी ताई कोपऱ्यात बाह्यांना टीप घालत पहाऱ्याला बसायची. तो खिडकीचा पडदा बोटभर सरकवायचा, उजेड माझ्या गालावर आला की श्वास रोखायचा… आणि मीही.

पाचव्या रविवारी माडीवर आणखी एक मुलगी दिसली. उंच, मान ही एवढी लांब. मनातल्या मनात मी तिचं नाव जिराफ ठेवलं.

“हिलाही फोटो हवेत,” तो म्हणाला. “त्याच एजन्सीसाठी.”

“बरं झालं. सोबत झाली,” मी म्हटलं आणि ताईने सुई थांबवून माझ्याकडे पाहिलं.

सहा शत्रूंमध्ये मत्सराचा नंबर शेवटचा सांगतात. माझ्याकडे तो रांग मोडून सगळ्यांच्या आधी आला आणि पाय पसरून बसला. फोटो काढताना तो तिची मान वळवून घ्यायचा, मला वाटायचं माझीच कोणी पिरगाळतंय. रोज देवापुढे हात जोडायचे, तिचं भलं कर म्हणायचे… आणि हळूच पुढे जोडायचे – दुसऱ्या गावात.

एजन्सीला एकच नवा चेहरा घ्यायचा होता. तिथल्या बाईंनी दोघींचे फोटो टेबलावर मांडले.

“तुझा चेहरा गोड आहे गं,” त्या मला म्हणाल्या, “पण तू नुसती कॅमेऱ्याकडे बघतेस. कोणाकडे तरी बघतेयस, असं वाटत नाही. आणि बारा सांगितले होते, हे अकराच? शुक्रवारपर्यंत एखादा जिवंत फोटो आण. नाहीतर ही उंच मुलगी.”

जिराफचे मी मोजले. पूर्ण बारा.

तडक दुकानात गेले. तो कोणाचे तरी पासपोर्ट फोटो कापत होता.

“तिचे बारा, माझे अकरा. ती आवडते तर सरळ सांगायचं. माझी जागा कशाला घालवता?”

त्याची कात्री थांबली. त्याने ड्रॉवर उघडला, पाकिटांच्या तळातून एक फोटो काढून समोर ठेवला.

एका रविवारी फोटो काढताना तो वायरीत अडकून पडता पडता वाचला होता, तेव्हाची मी. केस सुटलेले, हसू अर्धवट, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला – त्याच्यावर. आपले डोळे असेही दिसतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

“हा का नाही दिलात?”

“दिला असता तर सगळ्यांनी पाहिला असता.”

“मॉडेल व्हायचं म्हणजे दुसरं काय असतं?”

“कळतं मला.” तो खाली बघत म्हणाला. “अकरा फोटोंत तुम्ही जगाकडे बघता. या एकातच… माझ्याकडे. तेवढा ठेवून घेतला. चुकलो.”

राग आला होता, खोटं कशाला सांगू. माझं वर्षभराचं स्वप्न याने पाकिटांखाली दडपलं होतं. पण रागाच्या पोटात काहीतरी गोड गोड फुटत होतं.

“म्हणजे तुम्हीही जळत होतात?”

“एजन्सीच्या शिपायावरसुद्धा.”

“आणि ती उंच मुलगी?”

“ती चिडलीय माझ्यावर. म्हणते, सारखं काय – ती अशी वळते, तशी वळ?”

शुक्रवारी आम्हा दोघींसमोर तो फोटो त्यानेच नेऊन दिला. बाईंनी तो उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला आणि बाकीचे अकरा बाजूला सारले. जिराफने मला मिठी मारली, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

दोन महिन्यांनी बसथांब्यावरच्या फलकावर, त्याच फोटोत, मी घराएवढी मोठी झाले. तो खाली तोंड पाडून उभा.

“बसमधले सगळे बघतायत.”

“बघू देत. मी कोणाकडे बघतेय, ते त्यांना कुठे दिसतंय?”

तो हसला. मग जरा थांबून, चपलेने माती उकरत म्हणाला, “माझा ड्रॉवर मात्र रिकामा झाला…”

“ड्रॉवरात मी मावायची नाही,” मी म्हटलं. “घर बघा. आणि आधी ताईला विचारा.”