फुली असेल तिथे काळं

शाईची बाटली घेऊन चिनात्सु कोपऱ्यावरच्या दुकानातून परत आली, तर दारात संपादक हिरासावांचे बूट.

लग्नाला चार महिने झाले होते. तिचा नवरा तेइजी मासिकासाठी भुताखेतांची मांगा, म्हणजे चित्रकथा, काढायचा, दिवसभर कागदावर वाकलेला. चिनात्सुला त्याच्या चेहऱ्यापेक्षा मानेचीच ओळख जास्त.

हिरासावा संत्रं सोलत होते. "तेइजीसान, चित्रातलं घर जबरदस्त उतरलंय. तो जिन्याखालचा अंधार बघितल्यापासून मी ऑफिसात लिफ्टनं जातो. पण ही भुताची बाई? वहिनी, तुम्हीच सांगा. ही दारात उभी राहिली तर काय कराल?"

चिनात्सुने चित्र पाहिलं. वटारलेले डोळे, लोंबणारी जीभ. "चहा विचारीन," ती हळूच म्हणाली.

हिरासावा पोट धरून हसले. तेइजी हसला नाही.

"सगळी ताकद घरात, आणि चेहरा आला की सगळं पाणी," जाताना हिरासावा म्हणाले. "या भागात जमवा. नाहीतर मालिका बंद. वरची मंडळी आता माझंही ऐकत नाहीत."

तेइजी जेवेना, झोपेना. चेहरे काढायचा, फाडायचा. "बंद झाली तर गावी जायचं. बाबांच्या कारखान्यात मासे साफ करायला," तो कागदाशीच बोलायचा. "मला दुसरं काही येत नाही गं..." 'चहा विचारीन' म्हटल्याचं चिनात्सुला रोज टोचत होतं.

तिचं काम सोपं होतं. जिथे काळं भरायचं तिथे तेइजी पेन्सिलीने बारीक फुली करायचा. तिने ब्रशने ती जागा भरायची. विचारायचं नाही, भरायचं.

पानं द्यायच्या दिवशी, दुपार कलताना, ती शेवटच्या पानाशी आली. भुताची बाई दारात उभी. आणि तिच्या चेहऱ्यावर, दोन भुवयांच्या मधोमध, फुली.

ब्रश थबकला. तेइजी टेबलावरच डोकं टेकून झोपला होता. किती दिवसांनी. तिला उठवावंसं वाटेना.

तिने चेहरा भरला.

खोलीत ओलसर वास पसरला. बंद जिन्याखाली येतो तसा. शाई वाळली, पण चमकली नाही. आत आत जात राहिली.

हिरासावा आले. पान पाहिलं, आणि पालथं घातलं. "हे... चालेल. मालिका चालू राहील." संत्र्याला हातही न लावता, बुटांच्या टाचा चुरगाळत ते निघून गेले.

चिनात्सुने ब्रश धुतला, पुसला, खिडकीत वाळत ठेवला. मग नवऱ्याला हलवलं.

"अहो, जमलं. मालिका वाचली. चेहऱ्यावर फुली करायचं बरं सुचलं तुम्हाला."

"फुली?" तो मान न उचलताच पुटपुटला. "मी कशाला करू? चेहरा तर पहिल्यांदाच साधला होता..."

"मग कोणी..."

तेइजीने मान वर केली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. दोन भुवयांच्या मधोमध, पेन्सिलीची बारीक फुली.

"अशी काय बघतेस?"

"काही नाही... हलू नका."

तिने खोडरबर घेतलं. घासलं. पुन्हा घासलं. कातडी लाल झाली, फुली तशीच.

"चिनात्सु, दुखतंय."

"थोडंच राहिलंय... अहो, थोडंच..."

खिडकीत ब्रश नव्हता. तो तिच्या दुसऱ्या हातात होता. शाईने ओला.