गौरजाने घातलेलं गाऱ्हाणं

भुताच्या गोष्टीला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही वाचू नये.

ही भर दुपारी बाराची आहे. आणि खरी आहे.

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना काजूच्या एका बंद कारखान्याची पत्र्याची शेड लागते. तिथे गाड्यांच्या सीटा शिवून मिळतात. शिवते ती गौरजा, माझी मावसबहीण. तिने मला हे घाबरून सांगितलं नाही. चिडून सांगितलं. तसंच मी तुम्हाला सांगतो.

तिचे वडील गणपत हाडाचे कारागीर. ते गेल्यावर बारा वर्षं सुई-कात्री तिनेच चालवली. पण दुकान तिच्या काकांच्या, म्हणजे भाईकाकांच्या नावावर. काकांनी आयुष्यात सुईत दोरा ओवला नाही, पण पाटीवर नाव त्यांचं. नाचता येईना अंगण वाकडं, हे निदान अंगणात उतरलेल्याबद्दल म्हणतात. हे उतरलेच नव्हते.

तर त्या एप्रिलात कुडाळच्या विश्वेशने आपल्या आजोबांची स्पोर्ट्स कार आणली. दोन दारांची, बसकी, साठ वर्षं जुनी. गावातल्या म्हाताऱ्या मेकॅनिक धोंडूमामांनी इंजिन उभं केलं होतं. आता फक्त छताचं आतलं अस्तर राहिलं होतं. रविवारी गाडी गोव्यातल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला जायची होती.

भाईकाकांनी बजावलं, "आयतवारपर्यंत जमला तर दुकान तुझ्या नावार करतंय. नाय जमला तर शेड होमस्टेवाल्याक. मगे रडाचा नाय."

"रडतला कोण ता बघया," गौरजा म्हणाली.

मंगळवारी कामाला सुरुवात. आमच्याकडे नव्या कामाआधी जागेच्या राखणदाराला, म्हणजे जागा सांभाळणाऱ्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गाऱ्हाणं भाईकाकांनी घातलं. खणखणीत घातलं. गाडीमालकाचं नाव घेतलं, धोंडूमामांचं घेतलं. आणि अस्तर कोण करणार?

"...ह्या छताचा काम करता तो मी, भाई..."

धोंडूमामा 'व्हय म्हाराजा' म्हणाले, पण जरा थांबून. गौरजा गप्प राहिली. तिथेच चुकलं, असं ती आजही म्हणते.

आता हे काम कसं असतं ते सांगतो. छताच्या पत्र्याखाली चार आडव्या लोखंडी काड्या असतात. अस्तराला नेफे शिवून काड्या त्यात ओवायच्या. मग कापड चारी बाजूंनी ओढायचं, कडा सोल्युशनने चिकटवायच्या आणि सुकेपर्यंत चिमटे लावून ठेवायचे. एक चुणी दिसली की काम वाया. कापड नीट ताणायला ऊन लागतं. म्हणून गाडी अंगणात, आणि वेळ बाराची.

बुधवारी अस्तर बसलं. ढोलकीसारखं ताठ. बावीस चिमटे लावून गौरजा जेवायला घरी गेली.

अर्ध्या तासाने परत आली, तर...

डाव्या सीटच्या वरचं अस्तर खाली लोंबत होतं.

चिमटे पडले असतील, तिला वाटलं. पण पडलेले नव्हते. बावीसच्या बावीस चिमटे पुढच्या काचेखाली एका ओळीत मांडून ठेवले होते. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला.

"कोणाची मस्करी ही?" ती ओरडली.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

गुरुवारी तिने पुन्हा कापड ओढलं. पुन्हा बावीस चिमटे. काचा वर, दारांना कुलूप, चावी कमरेला. आणि स्वतः समोर स्टूल टाकून बसली. डबा मांडीवर. बघू कोण येतंय.

बारा वाजले.

कावळे ओरडत होते, ते थांबले.

माडाच्या झावळ्या हलत होत्या, त्या थांबल्या.

आणि बंद गाडीतून आवाज आला...

टिक.

एक चिमटा सुटला होता.

टिक... टिक... टिक...

गौरजा मोजत होती. घास हातातच राहिला. बाविसावा सुटला आणि सगळं शांत झालं. मग डाव्या सीटवरचं अस्तर हळूहळू खाली येऊ लागलं. सैल होऊन नाही. वरून कोणीतरी दाबत होतं. आधी तळवा उमटला... मग एक एक बोट.

पत्रा आणि अस्तर यांच्यात दोन बोटांची जागा असते. तिथे मांजराचं पिल्लूही मावत नाही.

तिला भीती वाटली का? वाटली. पण दोन दिवसांची मेहनत डोळ्यांदेखत उसवली जात होती, आणि भीतीपेक्षा राग मोठा होता. तिने कुलूप काढलं, दार उघडलं आणि आत डोकं घातलं.

"हात काढ! माझा काम आसा ह्या!"

हात गेला. कापड लोंबत राहिलं.

धोंडूमामांनी सगळं ऐकून घेतलं. विडी विझवली.

"गो, भाईन गाऱ्हाण्यात कोणाचा नाव घेतल्यान?"

"स्वतःचा."

"मगे? कारागीर म्हणान भाईचा नाव सांगलेला, आणि हात लावतंस तू. जागेवाल्याक तुझी वळख कोणी करून दिल्यान?"

ती तशीच काकांकडे गेली. काका झोपाळ्यावर होते.

"काका, परत गाऱ्हाणा घाला. माझा नाव घेवन."

"येडा झालंस काय? देवाक काय खोटा बोललंय म्हणान सांगू?"

"खोटाच बोललात."

"मगे तूच घाल जा!" काका उसळले. "बायलमाणूस गाऱ्हाणा घालतला! हसतले लोक."

"हसांदे."

शुक्रवार. शनिवार सोल्युशन सुकण्यात जाणार, म्हणजे हातात शेवटचा दिवस. सकाळी तिने तिसऱ्यांदा अस्तर बसवलं. बाराच्या आधी धोंडूमामांना बोलावलं, निदान 'व्हय म्हाराजा' म्हणायला. मामा फाटकापर्यंत आले आणि तिथूनच परत फिरले. माणूस चांगला, पण जीव सगळ्यांनाच प्यारा.

मग ती एकटीच गाडीत शिरली. डाव्या सीटवर मागे रेलली. एका हातात नारळ, दुसरा हात वर, अस्तराला टेकवलेला. जिथे तो तळवा उमटला होता, बरोबर तिथे.

बारा वाजले. कावळे थांबले.

टिक.

"बा देवा म्हाराजा," ती मोठ्याने म्हणाली. आवाज चिरकला. तिने पुन्हा सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा! जागेच्या राखणदारा! मंगळवारी जा गाऱ्हाणा झाला, त्येच्यात कारागिराचा नाव चुकीचा सांगलेला..."

'व्हय म्हाराजा' म्हणायला कोणी नव्हतं. तिने तेवढी जागा सोडली आणि पुढे गेली.

"ह्या छताचा काम मी करतंय. गणपताची चेडू, गौरजा. बारा वर्षां मीच करतंय. दुसरो कोण नाय..."

चिमटे सुटायचे थांबले.

तिच्या तळहाताखाली कापड गरम होतं, उन्हाने. ते एकदम गार झालं.

पलीकडून एक तळहात तिच्या तळहाताला टेकला होता.

तिने हात काढला नाही. "काढलो असतो तर दुकान गेला असता," ती मला म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तशीच ती बोलत राहिली.

"ह्या काम माझ्या हातान पुरा होवंदे. तुझो नारळ तुका पावतलो. पण परत छत ओढलंस, तर नारळ सोड, करवंटी पण मिळाची नाय! मान्य कर म्हाराजा!"



मग अगदी जवळून, त्या दोन बोटांच्या जागेतून, हळू आवाजात...

"व्हय म्हाराजा."

हात गेला. कावळे ओरडू लागले. कापडावर एक चुणी नव्हती.

रविवारी गाडी गोव्याला गेली. छत बघायला माणसं वाकून वाकून आत डोकावत होती, असं विश्वेशने फोनवर सांगितलं. त्याच्या मित्रांच्या आणखी दोन गाड्या आल्या. भाईकाकांनी कुरकुरत का होईना, शब्द पाळला. पाटीवर आता गौरजाचं नाव आहे.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

धोंडूमामा नंतर एवढंच म्हणाले होते, "नाव सांगलंस गो. आता तो तुका वळाखता."

आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात, अनोळखी हाकेला लगेच ओ देऊ नये. तिसऱ्या हाकेची वाट बघावी. माणूस तीनदा हाक मारतो. जे माणूस नाही, ते दोनदाच.

हल्ली गौरजा छताचं काम करत असली, की भर बाराला कावळे थांबतात. पत्रा आणि अस्तराच्या मधून आवाज येतो.

"गौरजा..."

मग थोड्या वेळाने पुन्हा.

"गौरजा..."

तिसरी हाक अजून एकदाही आलेली नाही.

मी तिला म्हटलं, शेड सोड, बाजारात गाळा घे. ती माझ्यावरच उखडली. "कित्याक? दुकान माझा आसा." हाक आली की ती ओठांत धरलेल्या टाचण्या काढते आणि छताकडे बघून सांगते, "तिसरी हाक मार, मगे ओ देतंय. आता माका काम आसा."

मग टाचण्या परत ओठांत धरते. भीती वाटते, हे ती स्वतःच कबूल करते.

पण चुणी पडू देत नाही.