सात नंबरच्या खाटेचा नमुना

हे खरे घडले आहे. मी रुग्णालयाच्या रक्तपेढीत काम करतो. पडताळल्याशिवाय कशावरही सही करायची नाही, हाच माझा व्यवसाय.

एकदा केली. त्याचीच ही हकीकत.

रात्र नव्हती. मंगळवार होता, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. टोंगामधल्या आमच्या बेटावरचे छोटे रुग्णालय. लॅबमध्ये मी एकटा होतो. सहा वर्षे एकटाच असतो.

खिडकीवरची घंटी वाजली.

उठलो. बाहेर कोणी नव्हते...

फळीवर रक्ताची एक नळी होती. चिठ्ठीवर लिहिले होते, खाट क्रमांक सात. नावाची जागा कोरी.

बिननावाचा नमुना टाकून द्यावा, असा नियम आहे. टाकण्यासाठीच उचलला...

नळी कोमट होती.

वॉर्डातून इथवर चालत चार मिनिटे लागतात. तेवढ्यात नळी निवते. मी तापमान मोजले. सदतीस अंश.

वॉर्डात फोन केला. सिस्टर म्हणाल्या, होसेआ गेल्यापासून सातवर गादीसुद्धा घातलेली नाही. मग त्यांनीच विचारले, तुम्ही सकाळपासून काही खाल्ले आहे का?

सातवरच्या होसेआला मरून तीन महिने झाले होते.

तेव्हा त्याला चढवलेले रक्त त्याच्यासाठी नव्हतेच. सहा नंबरच्या विलिसोनीसाठी मी ए गटाची पिशवी दिली होती. नर्स लुपे सोळा तास उभी होती. ती चुकून सातपाशी थांबली आणि तिने विचारले, "विलिसोनी ना?"

म्हाताऱ्या होसेआने भुवया उचलल्या.

आमच्याकडे भुवया उचलल्या म्हणजे हो. पण नुसते ऐकू आले, एवढ्यासाठीही म्हातारी माणसे त्या उचलतात. गणवेशातल्या माणसाला नाही म्हणणे त्यांना जमत नाही. म्हणून तर नियम आहे: नाव आपण सांगायचे नाही, रुग्णाला विचारायचे. आणि दुसऱ्या माणसाने खाटेपाशी उभे राहून ते उत्तर ऐकायचे. मगच सही.

तो दुसरा माणूस मी होतो.

माझ्यासमोर अकरा नमुने पडले होते. उठायचा कंटाळा आला होता, याहून मोठे कारण मला देता येत नाही. वॉर्डात निघालेल्या लुपेने खिडकीतून कागद पुढे केला आणि मी बसल्या जागी सही केली.

होसेआचा गट ओ, त्याला ए गटाचे रक्त चालत नाही; दुसऱ्या दिवशी तो गेला. अहवालात लिहिले गेले: दोन्ही सह्या आहेत, रुग्णाने स्वतः होकार दिला. म्हणजे चूक होसेआची. त्याच्या बायकोला, कालोला, हेच वाचून दाखवले. मी तिथे होतो. गप्प होतो.

आता तो कोमट नमुना मी तपासला.

गट ओ.

पण थोड्या पेशी वेगळ्या वागत होत्या... ए गटाच्या. एकाच्या अंगात दोघांचे रक्त.

नवे द्रावण घेतले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. असा निकाल आमच्याकडे एकदाच निघाला होता, होसेआच्या शेवटच्या नमुन्याचा. तो माझ्याच अक्षरात वहीत आहे.

कोणी जुना नमुना जपून थट्टा केली असेल, असे धरून पाहिले. तीन महिन्यांचे रक्त इतके ताजे राहत नाही.

वॉर्डात गेलो. सातच्या नुसत्या लोखंडी पट्ट्या दिसत होत्या. आठवर माका होता, पायात गळ रुतलेला कोळी, त्याच सकाळी दाखल झालेला. उकडलेला कंद खात होता.

"लॅबवाले, आता सुई नको हं," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा जास्त रक्त तुमच्याकडेच झालंय."

मी रिकाम्या खाटेपाशी उभा राहिलो. या कृतीला शास्त्रीय अर्थ नव्हता. मी फार थकलो होतो.

"काका," मी हळू विचारले, "मी त्या दिवशी इथं आलोच नव्हतो. तुम्हाला ठाऊक आहे ना?"

पंखा फिरत होता... बाकी काही नाही.

"उचलल्या की भुवया त्यानं," माका घास चावत म्हणाला. "अजून काय करायचं म्हाताऱ्यानं?"

मी माकाकडे पाहिले. तो थट्टा करत नव्हता. तो माझ्याकडे पाहतच नव्हता. सातकडे पाहत होता.

संध्याकाळी मी लेखी कबुली दिली. मुख्य डॉक्टर फिफितांनी चष्मा काढून डोळे चोळले. "फाइल बंद झालीये, बाबा. जा, झोप जरा." कागद खणात गेला.

पुढच्या मंगळवारी, दोन वाजून दहा मिनिटांनी...

घंटी. नळी. सदतीस अंश.

त्याच संध्याकाळी कालोकडे गेलो. ती अंगणात चटई विणत होती. सगळे सांगितले. शेवटी म्हणालो, "त्यांनी हो म्हटलं नव्हतं, काकू. त्यांना नाव कुणी विचारलंच नाही. ते ऐकायचं काम माझं होतं, आणि मी आलोच नाही."

तिचे हात थांबले नाहीत. तिने फक्त भुवया उचलल्या.

हो, ठाऊक होतं? की नुसते ऐकले?

विचारायचे धाडस झाले नाही.

नमुना त्यानंतर आलेला नाही. घंटी मात्र मंगळवारी वाजते. मी दर वेळी उठतो आणि फळीवर हात ठेवून पाहतो.

फळी रिकामी असते...

पण कोमट.