ओली वाळू, कोमट दूध

ही घटना अक्षरशः खरी आहे. ज्याच्या घरी घडली, त्या हेडक्लार्कने आईची शपथ घेऊन सांगितली. आई तेव्हा वारलेलीच होती, त्यामुळे शपथेत तशी जोखीम नव्हती.

गुरुवार. दुपारचे चार. आईची रिकामी खोली.

दोन वर्षं आई तिथे पडून होती. वाचा गेलेली. उजवा हात तेवढा चालायचा. त्यातला चमचा ती पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटायची. एकदा आपटला तर पाणी. दोनदा, तर कूस बदला.

शेवटच्या महिन्यात घरातल्या टीव्हीचा आवाज जरा वाढला होता.

आता भिंतीवर रंगाचे दोन चौकोन होते. ‘ओली वाळू’ आणि ‘कोमट दूध’.

“वहिनी, एक काय ते सांगा,” रंगारी शिडीवरून म्हणाला. “तीन दिवस झाले.”

“यांना विचारून उपयोग नाही,” हेडक्लार्ककडे बोट दाखवत त्याची बायको म्हणाली. “यांनी जन्मात स्वतःचा शर्ट निवडलेला नाही.”

तेवढ्यात...

टक.

लोखंडावर चमचा.

पलंग सोमवारीच भंगारवाल्याने नेला होता...

हेडक्लार्क दाराकडे सरकला. रंगारी खाली उतरला. “वहिनी, भुताखेताचं आपल्या कामात येत नाही.”

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. पण बाई कामाची. मिनिटाभरात सावरली.

“सासूबाई,” ती भिंतीला म्हणाली, “आलाच आहात तर सांगून टाका. वाळू असेल तर एकदा वाजवा. दूध असेल तर दोनदा.”

तिने भिंतीकडे कान केला...

टक.

“बघा! मेल्यावर का होईना, आमचं एकमत झालं. वाळू लाव रे.”

हेडक्लार्कला त्या एका आवाजाचा अर्थ पाठ होता. त्याने तोंड उघडलं... आणि मिटलं. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती.

रंगारी नाइलाजाने रंगवू लागला.

टक...

पाच मिनिटांनी पुन्हा. टक...

“कळलं हो, कळलं! लावतोय ना!” बायको भिंतीवर खेकसली.

शेवटी हेडक्लार्क स्वयंपाकघरात गेला. पेला भरला. खोलीच्या दारापर्यंत आला...

“अहो, ओल्या रंगापाशी पाणी कशाला? शिंतोडा उडाला तर डाग पडेल!”

तो थबकला.

आतून आवाज आला. या वेळी अगदी हलका...

त्याने ते पाणी उभ्या उभ्या स्वतःच पिऊन टाकलं.

आवाज अजून येतो. रोज चारला. हेडक्लार्क त्या वेळी घरी थांबत नाही. पाहुण्यांना घरचे पाइपचं काहीतरी सांगतात.

आणि ‘ओली वाळू’ वाळल्यावर हुबेहूब ‘कोमट दूध’ दिसते.