पडद्यावरून पुसलेली गाडी

"बाई, यंत्राला मी हात लावला नाय. तरी कडूबा माझ्यामुळं गेला म्हनत्यात."

रुग्णवाहिकेचा चालक भिकन मुकुंदवाडीच्या त्या लहानशा कचेरीत मान खाली घालून बसला होता. खासगी गुप्तहेर वच्छलाबाई साबळे आणि त्यांचा मदतनीस बन्सी ऐकत होते.

करमाडजवळच्या वस्तीवर भरदुपारी कडूबाच्या छातीत कळ आली. भिकन तेव्हा वस्तीच्याच फाट्यावर होता, एका ट्रकच्या सावलीला गाडी लावून चहा पीत. पण नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर त्याची गाडीच दिसेना. पडद्यावर दिसेल तीच गाडी धाडायची रीत, म्हणून शहरातून दुसरी निघाली. ती पोचेपर्यंत कडूबा संपला होता. आरामासाठी गाडीचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र बंद केलं, असा ठपका ठेवून भिकनला घरी बसवलं होतं.

यंत्र बसवणारे तात्यासाहेब म्हणाले, "सील शाबूत आहे. फाटा सोडल्यावर गाडी आपोआप पडद्यावर परत आली."

"मग यंत्रच सदोष," बन्सी म्हणाला.

फाट्यावरच्या चहावाल्या चतुराबाईंना तो दिवस आठवत होता. "एक पाव्हना बिडकीनची वाट इचारत व्हता. फोनवर बोलनं चालू, पन नकाशा काय लागंना."

"आणि तो ट्रक?"

"तो आधीच उभा व्हता. ड्रायव्हर शहाळी घेऊन वस्तीकडं गेला, मागून भिकन आला."

वच्छलाबाई भिकनला घेऊनच वस्तीवर गेल्या. कडूबाची बायको सारजाबाई ओसरीवर होत्या. शेजारी मुलगा पुंजाराम. तो एका कारखान्याचा ट्रक चालवायचा.

"मालक सुटी देईना," सारजाबाई म्हणाल्या. "तरी लेकरू आलं. बापाला शहाळ्याचं पानी पाजत व्हतं, तवाच कळ आली."

वच्छलाबाईंचा आवाज खाली आला.

"यंत्र बिघडलं असतं, तर पाहुण्याचा नकाशा का हरवला? बिघाड गाडीत नव्हता, त्या जागेत होता. गाडीचं यंत्र आणि फोनचा नकाशा ज्यावर चालतात, तो उपग्रहाचा संदेश फार क्षीण असतो. त्याच लहरींवर जवळून गोंगाट केला की बुडतो. मोबाइलच्या लहरी वेगळ्या, म्हणून बोलणं चालू राहिलं. असा गोंगाट करणारं बोटभर यंत्र काही चालक ट्रकमध्ये ठेवतात, मालकाला ठावठिकाणा कळू नये म्हणून. पुंजाराम, तो ट्रक तुझा होता ना?"

पुंजारामनं होकारार्थी मान हलवली.

"मला फकस्त बापाला बघायचं व्हतं. मालकाला दिसलं असतं तर कामावरून काढलं असतं. दुसऱ्याची गाडीबी त्यात मिटंल, हे मला ठावं नव्हतं, बाई. भिकन तिथं हाय, हे सुदिक नव्हतं."

सारजाबाईंनी भिकनकडे पाहिलं. "म्हंजी गाडी फाट्यावरच व्हती?"

"व्हय," भिकन म्हणाला. सारजाबाई वच्छलाबाईंकडे वळल्या.

"हे माझ्यापासून लपवलं असतं तर चाललं नसतं का?"

"भिकनचं काय झालं असतं मग, सारजाबाई?"

सारजाबाईंनी लेकाला जवळ ओढलं. तो जबाब द्यायला तयार झाला. त्याचा हुंदका मात्र आवरेना.

परतताना बन्सीला वाटलं, भिकन आता हसेल. भिकन खिडकीबाहेर बघत होता.

"चूक माझीच निघायला पायजे व्हती, बाई," तो म्हणाला. "मी एकट्यानं ती सोसली असती."